चहा कुणी टाकला?

१

पुस्तकाच्या जागी पुस्तकच होतं, म्हणून चोरी झालीय हे मला लगेच कळलं नाही.

शनिवारी सकाळी मी हात धुतले, पंच्यानं कोरडे केले आणि काचेचं कपाट उघडलं. उन्हानं मुखपृष्ठाचा रंग उडतो म्हणून माझं प्रत्येक पुस्तक खाकी पाकिटात असतं. वर नाव लिहिलेलं. ‘नववी पायरी’ लिहिलेलं पाकीट जागेवर होतं, जाडीही बरोबर वाटली. आत बोटं घातली आणि बाहेर आली एक गुलाबी प्रेमकथा. एक बाई खिडकीत, एक पुरुष घोड्यावर.

“वहिनी!”

“ओरडता कशाला, भावोजी? मी अजून बहिरी झाले नाही.” वहिनी हात पुसत आल्या आणि पुस्तक बघून थबकल्या. “अय्या, ही तर माझी. ही इथं कशी?”

“तेच मी विचारतोय.”

“मला काय विचारता? तुमच्या त्या कपाटाला मी हात लावते का? त्यापेक्षा विजेच्या तारेला हात लावणं परवडलं.”

माझा थोरला भाऊ गेल्यापासून वहिनी माझ्याकडेच राहतात. नोकरीचा सगळा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला. लोकांचं बोलणं ऐकणं त्यांच्या अंगात मुरलंय. रहस्यकथा मात्र त्या वाचत नाहीत. “खोटी माणसं खोटं बोलतात, त्यात कसलं रहस्य?” म्हणतात.

मी कपाटासमोर जमिनीवरच बसलो. दुखऱ्या गुडघ्याची शुद्धही राहिली नाही.

टिटवी हे एका लेखकाचं टोपणनाव. खरं नाव कुणालाच ठाऊक नाही. खिशात मावणारी, हलक्या कागदावर छापलेली त्याची पुस्तकं पूर्वी बसथांब्यावरच्या टपऱ्यांत मिळायची. लोक ती प्रवासात वाचायचे आणि बाकावर सोडून उतरायचे. जे सगळे फेकून देतात तेच पुढे मिळेनासं होतं. टिटवीचं सगळं माझ्याकडे होतं, फक्त ‘नववी पायरी’ सोडून. ते मी अर्धं आयुष्य शोधलं. मागच्या आठवड्यात रद्दीच्या दुकानात, जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यात, ते मला सापडलं.

आणि अजून मी त्याचं पहिलं पानही वाचलं नव्हतं.

२

का वाचलं नव्हतं ते सांगायला गुरुजींकडे यावं लागेल.

गुरुजी कुठल्या शाळेतला नव्हे. तो विजेचे मीटर वाचायचा. मी लिफ्ट दुरुस्त करायचो. मोठ्या इमारतींच्या तळघरात मीटरची खोली आणि लिफ्टची खोली शेजारी शेजारी असते, तिथली आमची ओळख. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. बटणांवरचे आकडे तेवढे कळायचे. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यानं माझ्या हातात टिटवीचं ‘बंद लिफ्ट’ दिलं. म्हणाला, “तुझ्याच धंद्यातला खून आहे. वाच.”

“वाचता येत असतं तर तुझ्या तोंडाकडे बघत बसलो असतो का?”

“मग एक पान मी वाचतो, एक पान तू.”

माझ्या एका पानाला आठवडा लागायचा. तो कधी चिडला नाही. लिफ्टच्या खड्ड्यात कोण पडलं हे कळायला मला एक पावसाळा आणि एक हिवाळा गेला, पण त्या पुस्तकाच्या शेवटी मी वाचता येणारा माणूस झालो होतो. तेव्हापासून मी त्याला गुरुजी म्हणतो. माझं ऐकून सगळेच म्हणायला लागले. नाव आदराचं, पण आम्ही अरेतुरेतलेच.

आमचं ठरलेलं होतं. ‘नववी पायरी’ ज्याला आधी मिळेल त्यानं एकट्यानं वाचायचं नाही. पुन्हा तसंच, एक पान त्यानं, एक पान मी.

गेल्या रविवारी आमची बैठक बसली. दर रविवारी बसते. मी, गुरुजी आणि दातांची डॉक्टरीणबाई. तिचा दवाखाना खालच्याच मजल्यावर. वयानं आमच्या लेकीएवढी, पण टिटवीचं वेड आमच्याहून चढतं. मी पाकिटातून पुस्तक काढलं तेव्हा तिनं तोंडावर हात ठेवला.

“काका, खरंच? मला चिमटा काढा.”

“तुझ्या दवाखान्यात तू काढतेस तेवढे पुरे आहेत.”

मुखपृष्ठावर एक जिना होता. वरच्या पायरीवर शाल पांघरलेली बाई, मधे बॅग घेतलेला माणूस, खाली कंदील धरलेला चौकीदार, आणि कठड्यावर फक्त एक हातमोजा घातलेला हात. मग आमचा नेहमीचा खेळ सुरू झाला. न वाचता, नुसतं मुखपृष्ठ बघून खुनी ओळखायचा.

“बॅगवाला,” डॉक्टरीणबाई म्हणाली. “बॅगवाले सगळे संशयास्पद. मी स्वतः बॅगवाली आहे, मला ठाऊक.”

“शालवाली बाई,” मी म्हणालो. “थंडी नसताना शाल कशाला?”

गुरुजी स्वयंपाकघरात गेला होता, चहा टाकायला. तिथून वहिनींचा आवाज आला, “अहो, मी टाकते ना!” आणि त्याचा, “बसा हो, वहिनी.”

चहा आल्यावर मी त्याला पुस्तकाचा कणा दाखवला. पुस्तक जुनं, पण कणा मलमलीची पट्टी लावून, खळीनं नीट चिकटवलेला होता. पट्टीची टोकं तिरपी कापलेली.

“बघ,” मी म्हणालो. “कुणाचा तरी हात अगदी तुझ्यासारखा आहे.”

माझ्या निम्म्या पुस्तकांची डागडुजी गुरुजीनंच केलेली होती. त्यानं पुस्तक हातात घेतलं, लगेच परत दिलं. “असतील पुष्कळ असे हात,” म्हणाला.

“मग? वाचायला बसायचं?”

“माझा चष्मा बदलायला टाकलाय. येऊ दे. एवढी वर्षं थांबलास, चार दिवस थांब.”

मी थांबलो. आणि पुस्तक गेलं.

३

“आधी मला सांगा,” वहिनी म्हणाल्या, “रविवारनंतर घरात कोण कोण आलं?”

“तुम्ही तपास करणार?”

“मग काय पोलिसांना बोलावता? ‘साहेब, पुस्तक चोरीला गेलं, पण त्या बदल्यात एक दिलंय’ असं सांगता?”

आलेले मोजकेच. माझी कवळी सैल झाली होती म्हणून डॉक्टरीणबाई वर आली होती. स्वयंपाकघरातली ट्यूब फडफडत होती म्हणून गुरुजी येऊन ती बदलून गेला. आणि रद्दीवाला.

“रद्दीवाला कशाला आला होता?”

“पुस्तक परत मागायला,” मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता माझं रक्त तापलं. विकताना त्यानं ते पायपुसण्यासारखं माझ्याकडे टाकलं होतं. नंतर कुणीतरी त्याला किंमत सांगितली असणार.

आम्ही दोघं तडक दुकानात गेलो. वर्तमानपत्रांच्या थप्प्यांमधून रद्दीवाल्याचं फक्त डोकं दिसत होतं.

“पुस्तक कुठाय?” मी विचारलं.

“कुठलं? इथं पुस्तकांवरच बसलोय, मिस्त्री.”

“सोंग करू नकोस. परत मागायला आला होतास ना?”

“आलो होतो. तुम्ही दार अर्धं उघडून हाकललंत. उंबऱ्याच्या आत पाऊल तरी टाकू दिलंत का?” त्यानं वजनकाटा बाजूला सारला. “माझ्यासाठी नव्हतो मागत. एक बाई आली होती. म्हणाली, जुना गठ्ठा घरातून चुकून रद्दीत घातला, सासऱ्यांनी घर डोक्यावर घेतलंय. रडकुंडीला आली होती बिचारी. मला वाटलं, आपल्या हातून भलं होत असेल तर बघू.”

“कोण बाई? नाव?”

“रद्दी देणाऱ्याचं नाव कोण विचारतं, मिस्त्री? वजन विचारतात.”

परतताना मी म्हणालो, “खोटं बोलतोय.”

वहिनींनी आधी रस्ता ओलांडला. मग म्हणाल्या, “माझी प्रेमकथा कुठं असते, भावोजी?”

“मला काय ठाऊक?”

“बघा. घरात राहून तुम्हाला ठाऊक नाही. ती असते स्वयंपाकघरात, डब्यांच्या मागं. उंबऱ्यावरून हाकललेल्या माणसाला ती कशी सापडेल?”

मी जागीच उभा राहिलो. उरली होती दोनच माणसं. त्यातला एक गुरुजी, म्हणजे खरं तर उरलं होतं एकच.

४

दवाखान्यात पेशंट नव्हता. डॉक्टरीणबाईनं आम्हाला बघितलं आणि हसून त्या मोठ्या खुर्चीकडे हात केला. “या काका. कवळी पुन्हा सैल?”

“कवळी घट्ट आहे. विश्वास सैल झालाय,” मी म्हणालो.

वहिनींनी मला कोपरानं ढोसलं आणि स्वतःच सगळं सांगितलं. ऐकता ऐकता डॉक्टरीणबाईचा चेहरा उतरला.

“आणि तुम्हाला वाटलं, मी?”

“तुझ्याकडे ते नाही. तुला हवं होतं.”

“मला हवं होतंच!” तिनं हातमोजे ओरबाडून काढले. “पण माझ्याकडे ‘उलटी छत्री’ पण नाहीये, काका. किती वर्षं मी तुमच्या मागं लागलेय? ते तर ‘नववी पायरी’च्या शेजारीच असतं. ते आहे का जागेवर?”

होतं. सकाळी मी स्वतः बघितलं होतं.

“मी चोर असते तर एकच नेलं असतं? सोन्याच्या दुकानात शिरून एका कानातलं उचलणारी बाई वाटले का मी तुम्हाला?”

तिचा आवाज मग खाली आला. “मला तर ते तुमच्याकडेच राहायला हवं होतं. तुम्ही दोघं एकेक पान वाचणार, मी कोपऱ्यात बसून ऐकणार, असं मनात धरलं होतं. ‘निळा डाग’च्या वेळी मला ऐकताच आलं नाही ना.”

“का?” वहिनींनी विचारलं.

“मी ते आधी वाचलेलं होतं. मग आमच्या नियमाप्रमाणे खेळाच्या वेळी मलाच उठावं लागलं. कुणी खऱ्या खुन्याचं नाव घेतलं की माझ्या चेहऱ्यावर लगेच उमटतं. त्या गडबडीत चहात साखर दोनदा पडली. आठवतं, काका?”

“सरबत केलं होतंस,” मी म्हणालो.

वहिनी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या दंडाला धरलं. “भावोजी, घरी चला,” म्हणाल्या. त्यांची पकड मला आवडली नाही.

५

घरी आल्यावर त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. वाईट बातमी देणारी माणसं आधी पाणी देतात.

“तो नियम मला नीट सांगा.”

“कसला नियम? ज्यानं पुस्तक आधी वाचलंय त्यानं मुखपृष्ठाच्या खेळात बसायचं नाही. उठायचं आणि चहा टाकायचा. म्हणजे चेहऱ्यावरून फुटत नाही.”

“किती वर्षं चाललंय हे?”

“पहिल्यापासून. आता सांगावंही लागत नाही. पाय आपोआप उठतात.”

“बरोबर,” वहिनी म्हणाल्या. “आणि ‘नववी पायरी’ तर कुणीच वाचलेलं नव्हतं.”

“नव्हतंच.”

“मग त्या रविवारी चहा कुणी टाकला, भावोजी?”

मी म्हणालो, “तोंड सांभाळून बोला, वहिनी.”

“सांभाळूनच बोलतेय. मी टाकते म्हटलं तरी ऐकेनात. खेळ सुरू झाला आणि ते उठून आत आले. मला तेव्हा वाटलं, भला माणूस आहे.”

“त्याला खेळ नको असेल. पाय अवघडले असतील.”

“असतील. पण मग कण्याच्या पट्टीचं काय? तुमच्या तोंडून तुम्हीच सांगितलंत त्यांना, हात तुझ्यासारखा आहे. खरा हात त्यांचाच असला तर? तुम्ही कधीतरी ते तुमच्या दुसऱ्या पुस्तकांशेजारी धरलं असतं, आणि मग?”

मी पेला खाली ठेवला.

“चष्मा बदलायला टाकला होता म्हणे. मग ट्यूब बदलायला आले तेव्हा खोक्यावरचे बारीक आकडे वाचून मला दाखवले, ते कशानं? नाकावर होता की चष्मा. पुढे स्वयंपाकघरात ते एकटेच होते. मी वाण्याकडे गेले होते, तुम्ही अंघोळीला.”

“पण कशासाठी?” माझा आवाज मलाच परका वाटला. “त्याला हवं असतं तर मी देऊन टाकलं असतं. आम्ही दोघं मिळून...”

“त्यांना पुस्तक हवं नव्हतं. ते तुमच्यापाशी असायला नको होतं. सून चुकून गठ्ठा रद्दीत घालते, सासरे घर डोक्यावर घेतात, रद्दीवाला तुमच्या दारात येतो. अजून कुणाचं नाव ऐकायचंय?” वहिनींनी माझ्या पुढ्यातला पेला उचलला. “चोरानं तुमचं पुस्तक नेलं नाही, भावोजी. स्वतःचं परत नेलं.”

६

गुरुजीच्या सुनेनं दार उघडलं. आम्हाला दोघांना एकत्र बघून तिनं पदर नसतानाही खांदा सावरला आणि आत हाक मारली. तेवढ्यावरून मला कळलं.

तो आतल्या खोलीत होता. मी दार लोटून घेतलं. वहिनी बाहेरच थांबल्या.

“चष्मा आला?” मी विचारलं.

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग उशीखाली हात घातला आणि ‘नववी पायरी’ आमच्यामध्ये पलंगावर ठेवलं. टाळाटाळ केली असती तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं.

“कधीपासून?”

“तुझी नोकरी होती तेव्हापासून. एका जुन्या इमारतीत मीटरच्या पेटीवर ठेवलेलं होतं. कुणीतरी विसरलं होतं.”

“आणि मला सांगितलं नाहीस.”

“सांगणार होतो. मिळालं त्याच रविवारी घेऊनही आलो होतो पिशवीतून.” तो भिंतीकडे बघत बोलत होता. “तू त्या दिवशी टिटवीची दोन पुस्तकं आणली होतीस. सगळे तुझ्याभोवती. मला अक्षर येत होतं तेव्हा तुला येत नव्हतं, आणि आता कुठलं पुस्तक कुठल्या साली, कुठल्या छापखान्यात, हे मी तुला विचारत होतो. वाटलं, एक तरी असं असू दे, जे माझ्याकडे आहे आणि तुझ्याकडे नाही. पुढच्या रविवारी सांगू म्हटलं. मग तो रविवार काही आलाच नाही.”

“तू मला परगावी पाठवलंस. गोदामात. म्हणालास, तिथं ‘नववी पायरी’ आहे, पक्की खबर आहे.”

त्याची मान खाली गेली.

“तिथल्या शिडीवरून पडलो मी. हा गुडघा,” मी गुडघ्यावर हात मारला, “अजून धड जिना चढू देत नाही. तेव्हा पुस्तक तुझ्याकडे होतं?”

“खबर खोटी नव्हती रे. मला वाटलं, तुला तिथं दुसरी प्रत मिळाली तर माझं ओझं उतरेल.”

“होतं का नव्हतं?”

“होतं.”

पडल्यावर इस्पितळात मला भेटायला तो रोज येत होता. डबा घेऊन. उशाशी बसून म्हणायचा, मिळेल रे, आपण शोधू. ते सगळं मला त्या खोलीत उभ्या उभ्या पुन्हा ऐकू आलं. शिडीचं दुखणं कमी होतं म्हणायचं.

“वाचू या ना,” तो म्हणाला. “अजूनही. एक पान मी...”

“तू वाचलेलं आहेस.”

“पुष्कळ वर्षं झाली. विसरलोय.”

“खुनी विसरतो का कुणी?” मी पलंगावरून पुस्तक उचललं. “सांग. कोण आहे?”

तो दचकलाच. आम्ही एकमेकांना शिव्या दिल्या आहेत, महिनाभर अबोला धरला आहे, पण खुनी कुणी कधी सांगितला नाही, विचारला तर नाहीच.

“असं नको करूस.”

“तुझ्याबरोबर वाचायचं होतं ते आता होणार नाही. मग शेवट कशाला झाकून ठेवायचा? सांग, गुरुजी.”

तो बराच वेळ बोटांनी चादर चिमटत राहिला. मग माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, “चौकीदार.”

मी पुस्तक पिशवीत घातलं आणि निघालो. बाहेर त्याची सून वहिनींना म्हणत होती, “बसा ना, काहीतरी घ्या,” आणि वहिनी, “नको गं बाई, आजचं पुरे.”

७

पुस्तक पुष्कळ दिवस पाकिटात पडून होतं. शेवट ठाऊक असलेली रहस्यकथा म्हणजे उत्तरासकट घातलेलं कोडं. पण माझ्याकडे न वाचलेली टिटवी तेवढी एकच होती. एका दुपारी उघडली. डॉक्टरीणबाई ऐकायला बसली, वहिनी काहीतरी निवडत बसल्या. सगळी पानं मीच वाचली.

मी सावध होतो. चौकीदार कुठं उभा राहतो, कंदील कोणत्या हातात धरतो, कोणाशी बोलताना अडखळतो, सगळ्यावर माझी नजर. तो साधं “कोण आहे?” म्हणाला तरी मी डॉक्टरीणबाईकडे बघून मान हलवायचो. ती डोळ्यांवर हात ठेवायची. “काका, चेहऱ्यावर दाखवू नका!”

शेवटच्या प्रकरणात मात्र मी मधेच थांबलो. ओळ पुन्हा वाचली. मग मोठ्यानं वाचायची ती मनातल्या मनात वाचली.

“काय झालं?” वहिनींनी विचारलं.

चौकीदार नव्हता. तो बिचारा पहिल्यापासून खरं बोलत होता. खुनी कोण ते इथं लिहीत नाही. कुणाच्या हाती कधी ते पुस्तक पडलं तर?

“त्यानं खोटं सांगितलं,” मी म्हणालो.

डॉक्टरीणबाईचे डोळे चमकले. “म्हणजे तुमच्यासाठी शेवट राखून ठेवला, काका! गुरुजींनी मुद्दाम...”

“असेल.”

“मग बोलवा ना त्यांना. पुढच्या रविवारी.”

वहिनी माझ्याकडे बघत होत्या.

मला त्या वेळी गुरुजीचं काहीच सुचत नव्हतं. मी फक्त त्या चौकीदाराचा विचार करत होतो. माझ्या शेजारी पुस्तकभर तो कंदील धरून उभा होता, आणि एका माणसाच्या शब्दावर मी त्याच्यावर एकदाही विश्वास ठेवला नव्हता.

“नको,” मी म्हणालो, आणि उरलेली दोन पानं मोठ्यानं वाचायला घेतली.